माघारी फिरणारं रक्त आणि कुसुमताई

नळी दिसली की कुसुमताई तिला टिचकी मारायच्या. मग ती सलाईनची असो, कूलरची असो, नाहीतर आमच्या घरच्या वॉशिंग मशीनची. टिचकी मारायची, डोकं जरा कलतं करून बघायचं आणि विचारायचं, "हे कुठून आलं अन् कुठं चाललं?" आमच्याकडं पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा हात धुवायला म्हणून गेल्या आणि बराच वेळ बाहेर येईनात. आई काळजीत पडली. मी जाऊन बघते तर बाई बेसिनखाली वाकून पाइपाचं वळण न्याहाळत होत्या. त्या वळणात थोडं पाणी कायम का साचून राहतं हे मला माहीत आहे का, असं त्यांनी तिथूनच विचारलं. मला माहीत नव्हतं. आमटी निवली, पण साचलेलं पाणी गटाराचा वास घरात माघारी येऊ देत नाही, हे त्या दिवशी कळलं. आईनं मात्र पाहुणीविषयीचं आपलं मत तिथंच कायम करून टाकलं.

जालन्यात मी ज्या हॉस्पिटलात काम करते तिथं कुसुमताई जंजाळ परफ्युजनिस्ट होत्या. हा शब्द आमच्याकडं फार थोड्यांना उच्चारता येतो, म्हणून सगळे त्यांना पंपवाल्या ताई म्हणत. हृदयावर टाके घालायचे तर बहुतेक वेळा ते थोडा वेळ थांबवावं लागतं. तेवढ्या वेळात माणसाचं रक्त नळीतून एका मशीनमध्ये येतं, तिथं त्याला प्राणवायू मिळतो आणि पंप ते पुन्हा महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या नळीत ढकलतो. त्या पंपासमोरच्या खुर्चीत ताई बसायच्या. मी फिजिओथेरपिस्ट. ऑपरेशन झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी उठवून बसवायचं, दीर्घ श्वास घ्यायला लावायचं आणि छाती दुखत असताना मुद्दाम खोकायला सांगायचं, हे माझं काम. त्यामुळं पेशंट मला जन्मभर विसरत नाहीत आणि ताईंना कोणी ओळखतही नाही. ताईंच्या हाती असतो तेव्हा माणूस शुद्धीवरच नसतो.

ताई मूळच्या टेंभुर्णीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. बी.एस्सी. झाल्यावर हैदराबादला जाऊन हे काम शिकल्या, पुढं बरीच वर्षं संभाजीनगरला रेल्वेनं जाऊन-येऊन नोकरी केली आणि जालन्यात हृदयाची ऑपरेशनं सुरू झाली तशा इकडं आल्या. राहायला मस्तगडला, आमच्या पलीकडच्या गल्लीत. बुटक्या, अंगानं भरलेल्या, चष्मा डोळ्यांपेक्षा कपाळावर जास्त. आवाज असा की बाई भांडतायत की बोलतायत हे नव्या माणसाला कळू नये.

या आवाजाला कारण होतं. ऑपरेशन थिएटरात रिवाज असा की सर्जननं पंपाविषयी काही सांगितलं की पंपावरच्या माणसानं ते मोठ्यानं परत म्हणायचं, आणि करून झालं की झालं म्हणून पुन्हा मोठ्यानं सांगायचं. मनातल्या मनात काही ठेवायचं नाही. ताईंनी हा रिवाज घरी नेला. यजमान शाळेत मास्तर, स्वभावानं मवाळ. त्यांनी चहा टाक म्हटलं की आतून आवाज यायचा, "चहा टाकते." थोड्या वेळानं, "चहा टाकला." भाजीत मीठ जास्त पडलं तर पाहुण्यांनी घास उचलायच्या आधीच ते जाहीर व्हायचं. एकदा हळदीकुंकवाला एका बाईंची साडी त्यांना मुळीच आवडली नाही, आणि तेही जाहीर झालं. मास्तर म्हणायचे, आमच्या घरात गुपित म्हणून काही शिल्लक राहिलेलं नाही, त्यामुळं चोराला फार सोपं आहे.

आमची खरी दोस्ती झाली ती एका बादलीमुळं. हॉस्पिटलात नवीन पंप आला होता. जुन्या पंपात दोन रूळ गोल फिरायचे आणि रबरी नळी दाबत दाबत रक्त पुढं सारायचे. तो पंप थांबला तरी एक रूळ नळीवर दाबून बसलेलाच असे, म्हणून रक्ताला माघारी जायला वाट नव्हती. नव्या पंपात दाबणारं काही नाही. आत एक चक्र गरगर फिरतं आणि त्या वेगावर रक्त पुढं जातं. रक्त त्यात कमी भरडलं जातं, म्हणून तो चांगला. पण वेग उतरला की मधली वाट सताड उघडी. हे मला नंतर समजलं. त्या दिवशी मी नुसती थिएटरच्या बाजूच्या खोलीवरून चालले होते आणि ताईंनी मला हाक मारून आत घेतलं.

उंच स्टुलावर पाण्यानं भरलेली बादली होती, तिच्यात नळ्या सोडलेल्या होत्या आणि खाली नवा पंप गुरगुरत होता. बादली म्हणजे पेशंट असं समजा, ताई म्हणाल्या. पाणी बादलीतून खाली येत होतं, मशीनमधून फिरून पुन्हा वर जात होतं. मग त्यांनी खाली येणारी नळी बंद केली आणि पंपाचा नॉब हळूहळू मागं फिरवला. ज्या नळीनं पाणी वर चढत होतं त्याच नळीनं ते उलटं खाली यायला लागलं. बादलीतली पातळी उतरत गेली.

"पेशंट रिकामा व्हऊन राह्यला, बघा," त्या म्हणाल्या.

पातळी नळीच्या तोंडाशी आली तेव्हा सुर्रकन आवाज झाला आणि नळीत हवा शिरली. खऱ्या माणसात ही हवा टाक्यांच्या फटीतून महाधमनीत शिरते आणि तिथून डोक्यात जाते, मग ऑपरेशन कितीही सुंदर झालेलं असो, माणूस उठत नाही. यावर उपाय फारच साधा होता. पंप फिरत असतानाच पुढच्या नळीला चिमटा लावायचा आणि मगच वेग उतरवायचा. सुरू करताना आधी वेग, मग चिमटा सोडायचा. मी म्हटलं, एवढंच ना, यात अवघड काय आहे. ताईंनी बादली पुन्हा भरली, पंप सुरू केला, आता बराबर करून दाखवते म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांचा उजवा हात आधी नॉबवर गेला. पाणी पुन्हा उलटं फिरलं.

जुन्या पंपाला तोच क्रम होता. आधी नॉब, मग चिमटा. हाताला इतक्या वर्षांची सवय. ताईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि स्वतःच्या हाताकडं बघितलं, रागानं नव्हे, बेसिनखालच्या वळणाकडं बघितलं होतं तसंच.

"मला समजलं मॅडम," त्या म्हणाल्या. "पण याला समजलं न्हाई."

त्याच दिवशी त्यांनी आमच्या सर्जनना, बोरगावकर सरांना सांगून टाकलं की हात शिकेपर्यंत नवा पंप लावायचा नाही. सर म्हणाले, अहो, तुमच्याइतका अनुभव कोणाला आहे. ताई म्हणाल्या, तीच तर अडचण आहे. एवढा महागाचा पंप मग बरेच दिवस प्लास्टिकचं आवरण घालून कोपऱ्यात उभा राहिला.

हात शिकवायचा म्हणजे काय करायचं? ताईंनी घरातल्या सगळ्या वस्तूंचा क्रम बदलला. चालू असलेली कोणतीही गोष्ट थांबवायची तर आधी तिची वाट बंद करायची, मग ती थांबवायची. गॅसचं बटण फिरवायच्या आधी सिलिंडरचा रेग्युलेटर. गच्चीवरची टाकी भरत आली की आधी पाइपाचा कॉक, मग मोटरचं बटण. मास्तरांच्या जुन्या स्कूटरला पेट्रोलचा कॉक होता. गाडी गल्लीत शिरली की मागं बसलेल्या ताई तो कॉक बंद करायला लावायच्या आणि स्कूटर दारापर्यंत कशीबशी येऊन आपोआप विझायची. गल्लीतले लोक हसायचे. ताईंनाही हसू यायचं, पण क्रम सुटला नाही. दारातल्या तुळशीला पाणी घालताना रबरी नळीचं तोंड आधी अंगठ्यानं दाबायचं आणि मग तोटी बंद करायची, अशानं रोज त्यांची साडी भिजायची.

सगळ्यात मोठी तालीम टेंभुर्णीला व्हायची. तिथं त्यांचे थोरले भाऊ, सगळे त्यांना अण्णाच म्हणत, मोसंबीची बाग सांभाळत. ताईंना हैदराबादला पोचवायला तेच गेले होते, आणि बहीण तिथं नेमकं काय शिकणार आहे हे न कळताही त्यांनी गावात सगळ्यांना ती डॉक्टर होणार म्हणून सांगून टाकलं होतं. मी एका रविवारी ताईंबरोबर गेले. विहिरीवर मोटर चालू होती. अण्णांनी स्टार्टरचं लाल बटण दाबायला हात पुढं केला तसा ताईंनी तो धरला. आधी कॉक.

अण्णांनी कपाळाला हात लावला. विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या तळाला एक झडप असते, तिला आमच्याकडं फुटबॉल म्हणतात. ती पाणी वर येऊ देते, खाली जाऊ देत नाही. फुटबॉल असताना कॉक कशाला, हा अण्णांचा मुद्दा होता आणि मला तो पटलाही. ताई म्हणाल्या, फुटबॉलमध्ये काडी अडकली तर? अण्णा म्हणाले, आजवर अडकलेली नाही.

"अडकन तव्हा तुमाला सांगून अडकन का?"

अण्णांनी माझ्याकडं बघून मान हलवली, या बाईपुढं इलाज नाही अशा अर्थानं, आणि कॉक बंद केला. पुढं उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं, गाळ वर आला आणि फुटबॉलमध्ये खरंच काडी अडकली. कॉक उघडाच राहिला होता, रात्रीत सगळी पाइपलाइन विहिरीत रिकामी झाली. डबड्यांनी पाइपात पाणी ओतून मोटर पुन्हा चालू करता करता अण्णांची अख्खी सकाळ गेली. त्यांनी फोनवर हे सांगितलं तेव्हा ताई हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये होत्या. एवढ्या मोठ्यानं हसल्या की काय झालं ते ऐकायला चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

शेवटी एक दिवस त्यांनी सरांना सांगितलं की आता हरकत नाही, आणि नवा पंप सुरू झाला. बरेच दिवस सगळं बराबर चाललं. मग एसटीतल्या एका निवृत्त कंडक्टरचं ऑपरेशन आलं. मी तिथं नव्हते, पण थिएटरातल्या सिस्टरनं आणि स्वतः ताईंनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघींचं अगदी जुळलं. ऑपरेशन सरळ झालं होतं. हृदय आपणहून चालायला लागलं होतं. सर म्हणाले, पंप बंद करा. ताई म्हणाल्या, पंप बंद करते. आणि हात आधी नॉबवर गेला. पडद्यावर रक्ताच्या प्रवाहाचा जो आकडा असतो त्याच्याआधी वजाची खूण आली. दुसऱ्याच क्षणी चिमटा लागला होता, खूण गेली होती आणि कोणाच्याही लक्षात काही आलं नव्हतं. सरांची मान खाली, भूल देणाऱ्या डॉक्टरांची नजर दुसऱ्या पडद्यावर.

"उलटं गेलं," ताई मोठ्यानं म्हणाल्या. "माझा हात आधी नॉबवर गेल्ता. आता चिमटा लावला."

हवा असलीच तर डोक्याकडं चढू नये म्हणून सरांनी टेबल डोक्याकडून खाली करायला लावलं, सोनोग्राफीसारख्या यंत्रानं हृदयात आणि महाधमनीत हवेचा बुडबुडा कुठं दिसतो का ते बारकाईनं तपासलं. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कंडक्टरना खोकायला लावलं तेव्हा त्यांनी मला एसटीच्या स्टँडवर शोभेल असं काहीतरी ऐकवलं. मागं वळून बघते तर ताई दारात उभ्या, चेहरा उजळलेला. पेशंटनं दोन्ही हात हलवले का, डोळे दोन्हीकडं फिरवले का, सगळं त्यांनी मला विचारलं. नंतर म्हणाल्या, शिवी बिलकुल नीट लागली, म्हणजे डोकं नीट आहे.

हॉस्पिटलात थोडी कुजबुज झाली. काही झालंच नव्हतं तर बोलायची काय गरज होती, असं काहींचं म्हणणं. मीही जरा तसंच विचारलं. ताई म्हणाल्या, "मी सांगितलं नसतं तर सरांनी हवा शोधली असती का? अन् ती असती मंग?" मला त्यांचा हेवा वाटला, हे खरं सांगते. माझ्या हातून असं झालं असतं आणि कोणी बघितलं नसतं, तर मी बोलले असते की नाही हे मला आजही माहीत नाही.

त्यानंतर त्यांनी सरांच्या मागं लागून पुढच्या नळीत एक छोटी झडप बसवून घ्यायला सुरुवात केली, रक्त एकाच बाजूला जाऊ देणारी. मुदत संपलेली एक झडप त्या खिशात घेऊन फिरायच्या आणि भेटेल त्याला फुंकायला लावायच्या. एका बाजूनं फुंकलं की हवा सरळ जायची, दुसऱ्या बाजूनं गाल फुगायचे आणि काही होत नसे. माझ्या आईलाही त्यांनी फुंकायला लावलं. आईचं मत तेव्हा थोडं बदललं असावं, कारण तिनं दोन्ही बाजूंनी दोनदा फुंकून बघितलं. झडप आली म्हणून ताईंनी चिमट्याचा क्रम मात्र सोडला नाही. काडीची गोष्ट त्या सगळ्यांना सांगायच्या.

मग अण्णा आजारी पडले. बागेतून घरी येताना छातीत कळ आली, तपासणीत हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा सापडला. सरांनी स्पष्ट सांगितलं, बायपास लवकर करावी लागेल, घरी पाठवणं धोक्याचं आहे. अण्णा आमच्याच हॉस्पिटलात भरती झाले आणि अगदी निर्धास्त होते. वॉर्डात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, मशीनवर माझी बहीण आहे.

ताईंनी त्यांना सांगितलं की मशीनवर मी नसेन. संभाजीनगरहून शिंदे येतील, माझ्याबरोबर कैक वर्षं काम केलेले, हुशार माणूस. मी तेव्हा अण्णांना श्वासाचे व्यायाम शिकवत होते. अण्णांनी हातातलं श्वासाचं यंत्र कॉटवर ठेवलं.

"जगाचं रक्त फिरवून राह्यली तू," ते म्हणाले, "अन् माझ्या वेळेला दुसऱ्याच्या हातात देती?"

अण्णा म्हणाले, मग मला ऑपरेशनच करायचं नाही, उद्या टेंभुर्णीला जातो. शेजारी बसलेल्या अण्णांच्या पत्नी, वहिनी, रडायला लागल्या. सर येऊन समजावून गेले, मास्तर येऊन गेले, अण्णा भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. आणि त्या दिवशी ताईंचा आवाज हॉस्पिटलात कुठं ऐकूच आला नाही, हे मला सगळ्यात भयंकर वाटलं.

संध्याकाळी मी त्यांना जिन्याजवळ गाठलं. मी म्हटलं, बसा ना ताई खुर्चीत. हात आता पक्का झालाय, सरही म्हणतात. घरच्यांचं आपण करत नाही, असा नियम असला तरी इथं माणूस ऑपरेशनच नको म्हणून बसलाय. हट्ट तुमचा आणि जीव त्यांचा, असंही मी बोलून गेले.

"हाताची भीती न्हाई राह्यली आता," ताई म्हणाल्या. "भीती तोंडाची हाय."

मला समजलं नाही. त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि सावकाश बोलल्या. कंडक्टरच्या वेळी हात चुकला आणि तोंडातून आपोआप निघालं. कारण तो कंडक्टर होता. अण्णांच्या वेळी हात चुकला, कोणी बघितलं नाही, आणि आपल्याला वाटलं की काही झालं नसेल, नसावंच, देवा नको, तर तोंड उघडेल का? सगळ्यांसमोर म्हणता येईल का की माझ्या हातून माझ्या भावाचं रक्त उलटं गेलं? कदाचित येईल. पण ठाऊक नाही. आणि जे ठाऊक नाही त्यावर अण्णांना कसं ठेवायचं?

हेच त्यांनी जाऊन अण्णांना सांगितलं. मी दारापाशी थांबले. अण्णा भिंतीकडं तोंड करून होते ते हळूहळू इकडं वळले.

"म्हंजे चूक झाली तर तू गप बसशील?"

"ठाऊक न्हाई अण्णा. म्हणून तर. गप बसायचं ज्याला काही कारण न्हाई, त्याच्या हातात देऊन राह्यले तुमाला."

अण्णांनी विचारलं की ती बाहेर तरी असेल ना, का कुठं निघून जाईल. बाहेरच बसते, ताई म्हणाल्या. अण्णांनी कॉटवरचं श्वासाचं यंत्र उचललं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "किती येळ ओढायचं व्हतं हे?"

ऑपरेशनच्या दिवशी ताई साडी नेसून आल्या. थिएटरच्या हिरव्या कपड्यांशिवाय मी त्यांना हॉस्पिटलात कधी पाहिलंच नव्हतं. शिंदे आत गेले, दार बंद झालं आणि ताई वहिनींशेजारी बाकावर बसल्या. या बाकावर त्या आयुष्यात पहिल्यांदा बसत होत्या. इतकी वर्षं त्या दाराच्या आतल्या बाजूनं गेल्या-आल्या होत्या. थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, "इथल्या लोकांना आत काय चाललं ते कोण सांगतं?" मी म्हटलं, संपल्यावर सर येऊन सांगतात. "अन् तंवर?" तोवर कोणीच नाही, मी म्हटलं. त्यांना ते नवीन होतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला केदारखेड्याचं एक कुटुंब बसलं होतं, त्यांच्याकडं त्या बघत राहिल्या.

सुरुवातीला त्या वहिनींना सांगत होत्या. आता भूल दिली असेल. आता पायातली शीर काढत असतील. आता पंप सुरू केला असेल. पुढं पुढं त्यांचं बोलणं तुटायला लागलं, कारण अंदाज चालेना. घड्याळाकडं बघायच्या, दाराकडं बघायच्या. वहिनी विचारायच्या, आता काय, आणि ताई म्हणायच्या, ठाऊक न्हाई. कामात उशीर झाला तर त्याची दहा कारणं त्यांना माहीत होती, आणि ती सगळी माहीत असण्याचा त्या दिवशी त्यांना त्रासच झाला. मी दोन पेशंट उरकून परत आले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. मांडीवर ठेवलेला उजवा हात हलत होता. अंगठा आणि बोटं आवळून चिमटा दाबल्यासारखी मिटली, क्षणभर थांबली, आणि मग मनगट मागं फिरलं. पुन्हा तसंच. दर वेळी आधी चिमटा, मगच नॉब. त्यांना स्वतःला याचा पत्ता होता असं वाटत नाही. दार उघडलं आणि सर मास्क खाली ओढत बाहेर आले तरी तो हात फिरतच होता. वहिनींनी तो धरला तेव्हा थांबला.

त्या दिवसानंतर ताई प्रत्येक ऑपरेशनात पंप बंद झाला आणि सगळं स्थिर झालं की सरांना विचारून दारापाशी येत आणि बाकावरच्या लोकांना मोठ्यानं सांगत की हृदय आता त्याचं त्याचं चालून राह्यलंय. मास्तर निवृत्त झाल्यावर दोघं मुलीकडं नागपूरला गेली. आता नवी मुलगी पंपावर आहे, तिला ताईंनीच तयार केलं, तीही दारापाशी येते. ताईंशी फोनवर बोलणं होतं. पण मला त्या आठवतात त्या अण्णांच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीच्या, आयसीयूतल्या.

अण्णांच्या घशातली नळी सकाळी काढली होती. मी उशी घेऊन गेले. खोकताना छातीचे टाके ताणू नयेत म्हणून पेशंटनं उशी छातीशी कवटाळायची असते. अण्णा खोकायला तयार नव्हते. ताई कॉटच्या पायथ्याशी उभ्या होत्या, नळ्यांकडं न बघता. अण्णांनी त्यांना खुणेनं जवळ बोलावलं. आवाज बसलेला होता, मला वाकून ऐकावं लागलं.

"जमलं का बाहेर बसायला?"

"न्हाई जमलं," ताई म्हणाल्या.

"मंग यायचं व्हतं आत."

"न्हाई अण्णा. बाहेरच बराबर व्हतं."

एवढं त्या अगदी हळू म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना. एवढी वर्षं ओळखते, पण मी त्यांना रडताना पाहिलं ते तेव्हाच. अण्णा काहीतरी बोलायला गेले आणि त्यांना खोकला आला, चांगला खोलवरचा, मला हवा होता तसा. मी उशी त्यांच्या छातीशी दाबून धरली. वरून ताईंनी आपला हात ठेवला, आणि खोकला थांबला तरी काढला नाही.